बर्फावरील गाडीच्या पोटाखालचा पत्रा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी याच शाळेचा १९७६ सालचा एस. एस. सी.चा विद्यार्थी. गुणांचा आकडा सांगण्यासारखा नाही, म्हणून सांगत नाही. आज व्यासपीठावर बसलेल्यांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, प्राध्यापक आहेत. मी मेकॅनिक आहे. अध्यक्ष साहेबांनी मला पत्र लिहून कळविले की, "परदेशातील आपले अनुभव मुलांना सांगा." अनुभव पुष्कळ आहेत, पण वेळ अर्ध्या तासाचा आहे. म्हणून मी एकाच वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे गाडीच्या पोटाखाली लावतात तो पत्रा. तोही मोटारीचा नव्हे, तर बर्फावर चालणाऱ्या गाडीचा, जिला स्नोमोबाईल म्हणतात. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली नसेल. तरीही गोष्ट तुमच्या ओळखीचीच निघेल, कारण तिची सुरुवात आपल्या जांभ्याच्या रस्त्यावर झाली आहे.

१९७८ साली मी हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये उस्तादांच्या हाताखाली काम शिकत होतो. मे महिना, लग्नसराई. एक दिवस एक फियाट टॅक्सी दोरीने ओढून आणली. आत वऱ्हाडातली मंडळी होती, ती कधीच उतरून एस. टी.ने पुढे गेली होती. ड्रायव्हर सांगू लागला की, गावाच्या कच्च्या रस्त्यावर खालून काहीतरी लागले, टण्णकन आवाज झाला, पण गाडी चालू होती म्हणून तो थांबला नाही. पुढे लाल दिवा लागला. "दिवा काय, लागतो अधूनमधून," असे म्हणून तो आणखी तीन मैल गेला. मग इंजिनाने खडखडाट केला आणि जागच्या जागी जाम झाले.

इंजिनाच्या तळाशी जी परात असते, तिला आपल्याकडे चेंबर म्हणतात. इंजिनाचे सर्व तेल तेथे साठते. तेथून एक छोटा पंप जाळीतून ते तेल ओढून घेतो आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत, वर कॅमपर्यंत दाबाने पोहोचवितो. चालू इंजिनात क्रँक आणि बेअरिंग एकमेकांस लागतच नाहीत. दोघांच्या मध्ये तेलाचा केसाहून पातळ थर असतो व त्या थरावर क्रँक तरंगत फिरतो. तेल संपले की धातूवर धातू घासतो, काही मिनिटांत बेअरिंगचा मऊ धातू वितळतो आणि इंजिन धरते. लाल दिवा तेल कमी झाले म्हणून लागत नाही, तेलाचा दाब गेला म्हणून लागतो. म्हणजे तो सूचना देण्यासाठी लागतो असे समजू नका. तो लागतो तेव्हा नुकसान सुरू झालेले असते.

उस्तादांनी मला सायकलवर बसवून त्या रस्त्याने पाठविले. "दगड शोधून ये," म्हणाले. मी गेलो. लाल मातीच्या रस्त्यावर तेलाची काळी रेघ स्पष्ट उमटली होती. रेघेच्या एका टोकाला गाडी जाम झाली ती जागा आणि दुसऱ्या टोकाला जमिनीतून वर आलेला जांभ्याचा एक चिरा. त्यावर पत्र्याचे चकचकीत खरचटे होते. परत येऊन मी सांगितले. उस्ताद म्हणाले, "म्हणजे रस्ता तीन मैल ओरडून सांगत होता. ऐकणारा मागे वळून बघत नव्हता." ही काळी रेघ लक्षात ठेवा. पुढे ती मला फार महागात पडली, आणि ती उमटली नाही म्हणून पडली.

मधल्या वर्षांचे दोन वाक्यांत सांगतो. १९८४ मध्ये मी कुवेतला गेलो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकचे सैन्य आत आले, तेव्हा इतर हजारो हिंदी लोकांबरोबर मीही अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने रिकाम्या हाताने मुंबईत उतरलो. १९९२ मध्ये मेहुण्यांच्या खटपटीने कॅनडास गेलो आणि चार वर्षांनी उत्तर ओंटारिओतील सडबरी या गावी कायमचा स्थिरावलो. सडबरी हे निकेलच्या खाणींचे गाव. आसपास शेकडो तळी आणि जिकडे पाहावे तिकडे खडक. या भूभागाला कॅनेडियन शील्ड म्हणतात. पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या खडकांत त्याची गणना होते. वर मातीचा थर अगदी पातळ, खाली ग्रॅनाईट. हिवाळ्यात त्या सगळ्यावर बर्फ पडते आणि तळी गोठून मैदाने होतात. पारा उणे तीसपर्यंत जातो. (उणे चाळीसला सेंटिग्रेड आणि फॅरनहाईट यांचा आकडा एकच होतो, हे मला शाळेत शिकविले होते. त्याचा उपयोग होईल असे तेव्हा वाटले नव्हते.)

तेथे मोटारीपेक्षा स्नोमोबाईलची कामे करणारी माणसे कमी होती, म्हणून मी त्या कामाला लागलो.

या गाडीचा जन्म कसा झाला हे पालकांनी ऐकावे. क्वेबेक प्रांतातील व्हॅलकूर नावाच्या खेड्यात जोसेफ-आर्माँ बोंबार्डिए नावाचा एक मुलगा १९०७ साली जन्मला. पंधराव्या वर्षी त्याने फोर्ड गाडीचे जुने इंजिन आणि विमानासारखा पंखा घसरगाडीवर बसवून ती बर्फावर चालविली. १९२६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने स्वतःचे गॅरेज काढले. त्या काळी तेथे हिवाळ्यात रस्ते बंद पडत. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटातील अपेंडिक्सच्या दुखण्याने आजारी पडला. इस्पितळात न्यायचे तर बर्फातून जाईल असे वाहन नाही. मूल गेले. बर्फावर चालणारे यंत्र करण्याचा ध्यास त्याला आधीपासून होता, पण त्यानंतर त्याने पाठच सोडली नाही. रबरी पट्टा आणि तो फिरविणारे दातेरी चाक या रचनेचे पेटंट त्याला १९३७ साली मिळाले आणि त्याच सुमारास सात माणसे नेणारी त्याची बर्फगाडी बाजारात आली. एकदोन माणसांची लहान गाडी, जिला आज सारे जग स्कीडू या नावाने ओळखते, ती १९५९ साली आली. १९६४ साली तो वारला. आज उत्तर ध्रुवाकडच्या वस्त्यांत कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा बहुतेक ठिकाणी या यंत्राने घेतली आहे. आपल्या देशातही गुलमर्गला पर्यटक त्यावर बसतात, आणि सियाचेनवर आपले जवान त्यांना स्नो स्कूटर म्हणतात.

आता ती गाडी डोळ्यांसमोर आणा. पुढे दोन स्की, म्हणजे वळणदार पट्ट्या. हँडल फिरविले की त्या वळतात. मागे एकच रुंद रबरी पट्टा, रणगाड्यासारखा. इंजिन पुढे, दोन स्कींच्या मध्ये, आणि जमिनीपासून फार उंच नाही. त्याच्या खाली प्लॅस्टिकची एक परात असते, तिला पोट म्हणू. चाके नसल्यामुळे ही गाडी बर्फात अर्धवट बुडूनच चालते. म्हणजे मोटारीच्या पोटाखालून दगड जातो, तर हिचे पोटच दगडावरून जाते.

आणि दगड दिसत नाही. आपल्या रस्त्यावर खड्डा निदान पाण्याने तरी भरलेला असतो. तेथे वरून सगळे पांढरे आणि सपाट. सर्वांत वाईट काळ म्हणजे हंगामाची सुरुवात, डिसेंबर महिना. सहा इंच बर्फ पडले की लोकांना दम निघत नाही. गाड्या बाहेर काढतात. सहा इंच बर्फाखाली ग्रॅनाईटचे टोक असते, तोडलेल्या झाडाचा बुंधा असतो. रेल्वेचे रूळ ओलांडताना, तळ्याच्या काठावर चढताना गाडीचे नाक वर उचलते आणि मग पोट आपटते. हंगामाच्या पहिल्या दोन आठवड्यांत आमच्या दुकानात जितकी फुटलेली पोटे येत, तितकी नंतरच्या दोन महिन्यांत येत नसत. पातळ बर्फाचा दुसराही तोटा आहे. या गाडीचे पाणी थंड करण्याचे पाईप पट्ट्याच्या वर असतात आणि पट्टा जे बर्फ उडवितो त्यानेच ते थंड राहतात. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीवरून सरकतो तिचे वंगणही बर्फच. बर्फ नसेल तर इंजिन तापते आणि पट्टी वितळते. असो, तो आजचा विषय नाही.

जुन्या गाड्यांची इंजिने टू-स्ट्रोक असत, आपल्या जुन्या लँब्रेटा किंवा बजाज स्कूटरसारखी. त्यांत तेल पेट्रोलबरोबरच जळून जाते. निराळ्या टाकीतून ते थोडे थोडे सोडले जाते. इंजिनाच्या तळाशी तेलाचा साठा नसतो, म्हणून पोटाला धक्का बसला तरी तेल वाहून जाण्याचे भय कमी. पुढे फोर-स्ट्रोक इंजिने आली. त्यांत मोठे नाव यामाहाच्या आर-एक्स-वन या गाडीचे, २००३ च्या मॉडेलचे. (यामाहाने २०२३ मध्ये हा धंदा बंद करण्याचे जाहीर केले. जुन्या गाड्या अजून धावत आहेत.) फोर-स्ट्रोक इंजिन शांत, धूर कमी, पेट्रोल कमी. पण त्याचे तेल मोटारीसारखे आतल्या आत फिरते, आणि तेच ते तेल पुनःपुन्हा वापरले जाते. काही इंजिनांत ते तळाशी साठते, काहींत बाजूच्या टाकीत. कसेही असले तरी तळाशी तेल काढण्याचा बोल्ट असतो, तेथूनच नळ्या जातात, कोठे फिल्टरही खालीच असतो. शिवाय साखळीचा एक बंद डबा असतो, त्यालाही आपले वेगळे तेल. त्याचाही तळ पोटाजवळच. आता यांच्या खाली आहे काय, तर तीन-चार मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक, आणि तेही थंडीत कडक झालेले.

म्हणून लोक पोटाखाली आणखी एक पत्रा लावून घेतात. मी पत्रा म्हणतो, पण तो दोन प्रकारचा मिळतो. एक ॲल्युमिनियमचा. तो हलका, मजबूत, पण दगड लागला की त्याला पोचा येतो आणि पोचा आला की तो तसाच राहतो. त्याला बर्फही चिकटते. दुसरा जाड प्लॅस्टिकचा, पॉलिथिलीनचाच एक दणकट भाऊ. गिरण्या-कारखान्यांत ज्या ठिकाणी घसाऱ्याने लोखंडही झिजते तेथे हे प्लॅस्टिक वापरतात. ते थंडीत तडकत नाही, दगडावरून साबणासारखे सरकते, धक्का बसला तर वाकते आणि पुन्हा सरळ होते. माझे मत विचाराल तर बर्फावरच्या गाडीला हेच बरे.

लावण्याची रीत महत्त्वाची. पत्रा इंजिनाला कधीच जखडायचा नाही. तो गाडीच्या सांगाड्याला जखडायचा, म्हणजे आलेला धक्का सांगाडा घेईल. पत्रा आणि इंजिनाचा तळ यांच्यात बोटभर मोकळी जागा हवी, कारण पत्रा वाकणार आहे. अंतर ठेवले नाही तर दगडाचा घाव पत्रा जसाच्या तसा इंजिनाला पोहोचवितो. मग तो लावून न लावल्यासारखा. स्क्रूची डोकी पत्र्याच्या आत बुडालेली हवीत. बाहेर राहिली तर पहिल्याच दगडाला अडकून ओरबाडून निघतात. आणि मागच्या कडेला भोके हवीत, म्हणजे आत गेलेले बर्फ इंजिनाच्या उष्णतेने वितळले की पाणी बाहेर पडेल. नाहीतर गाडी रात्री उभी राहिली की त्या पाण्याचा दगड होतो.

हे सर्व मला ठाऊक होते. दुकानात नव्या पोरांना मीच शिकवीत असे. तरी डिसेंबर २००६ मध्ये जे झाले ते माझ्याच हातून झाले.

आमच्याकडे एक म्हातारा येत असे. तेथील मूळच्या ओजिब्वे लोकांपैकी तो होता. हिवाळ्यात रानात सापळे लावून बीव्हरची कातडी मिळवायची आणि तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरायचे, हा त्याचा व्यवसाय. तिकडे लहान मुलेही मोठ्यांना नावाने हाक मारतात. मीही मारीत असे, पण मनात त्याला चाचाच म्हणत असे. त्याने पैसे साठवून फोर-स्ट्रोक गाडी घेतली होती. तो म्हणाला, "तेल बदलून दे, आणि खाली असा पत्रा लाव की मला पुन्हा विचार करायला नको."

शुक्रवारची संध्याकाळ होती. तेल काढले. तेलाच्या बोल्टखाली तांब्याचा वॉशर असतो. बोल्ट आवळला की तो थोडा चेपतो आणि फट बंद करतो. एकदा चेपला की त्याचे काम झाले, पुढच्या खेपेस नवा घालायचा. नवा वॉशर दुकानात संपला होता. आमचे उस्ताद गरिबीत जुना वॉशर स्टोव्हवर लाल करून पाण्यात टाकीत. त्याने तांबे पुन्हा मऊ होते. मी तेवढेही केले नाही. जुनाच वॉशर घातला, बोल्ट आवळला, बोटाने पुसून पाहिले. कोरडे होते. वर जाड पत्रा लावला, छान घट्ट, कोठेही फट नाही. बोल्टच्या समोर पत्र्याला भोक पाडावे लागते, म्हणजे बोल्ट बाहेरून दिसतो. ते पाडायला वीस मिनिटे लागतात. ते सोमवारी करू म्हटले. चाचा शनिवारी सकाळी गाडी घेऊन गेला.

वॉशरच्या फटीतून तेल थेंब थेंब गळू लागले. पोटाच्या परातीत पडले. परातीला बोल्टखाली भोक होते, त्यातून माझ्या पत्र्यावर आले. तेथे वाऱ्याने घुसलेले बर्फ साचले होते. त्या बर्फाने ते तेल पिऊन टाकले. जमिनीवर एक थेंब पडला नाही. गाडीमागे काळी रेघ उमटली नाही. दोन आठवडे चाचा रोज गाडी चालवीत होता आणि मागे वळून पाहिले तर बर्फ स्वच्छ पांढरे.

त्या इंजिनात सुमारे तीन लिटर तेल मावत असे. लाल दिवा लागला तेव्हा तो वस्तीपासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर, गोठलेल्या तळ्यावर होता. दुपारचे तीन वाजले होते. डिसेंबरात तेथे पाच वाजण्यापूर्वी अंधार पडतो. दिवा लागताच त्याने इंजिन बंद केले. पुन्हा एकदाही चालू केले नाही. हे सांगायला सोपे आहे. उणे अठ्ठावीसमध्ये, एकट्याने, माणसांपर्यंत पोहोचविणारी एकच वस्तू आपल्या हाताने बंद करायची, याला काय लागते ते तुम्हीच ठरवा. तो चालत निघाला. रात्री एका मासेमाराच्या लाकडी झोपडीपर्यंत पोहोचला. आत शेगडी आणि लाकडे होती. सकाळी शोधपथकाने त्याला आणले. डाव्या पायाची दोन बोटे हिमदंशाने गेली.

गाडी दुकानात आली. मी पत्र्याचे स्क्रू काढले तर आतून काळ्या बर्फाची एक लादी खाली पडली आणि फुटली. दुकानभर तेलाचा वास सुटला. त्या जागेपासून गरम सायलेन्सर वीतभर अंतरावर होता. पेट घेतला असता तर काय झाले असते, ते मी त्या रात्री आठवत राहिलो. इंजिन उघडून पाहिले. बेअरिंगला ओरखडासुद्धा नव्हता. त्याने वेळेवर बंद केले म्हणून इंजिन वाचले.

मी इस्पितळात गेलो. काय घडले ते सांगितले, वॉशरचे सुद्धा. लपविता आले असते, कारण वॉशर बघणारा मी एकटाच होतो. तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पूर्वी मी रोज सकाळी गाडीचे टोपण उघडून तेलाची पट्टी काढून बघत होतो. तीस वर्षे. तू पत्रा लावलास, आणि मी बघायचे सोडले." मला वाटले होते तो रागावेल. हे वाक्य रागापेक्षा जड होते, कारण त्यात तो अर्धी चूक स्वतःकडे घेत होता आणि ती त्याची नव्हती.

दुरुस्तीचे पैसे मी भरले. दुकानाच्या मालकानेही मला काढले नाही. बोटे काही भरून देता आली नाहीत.

त्यानंतर मी काम कसे करतो ते सांगतो, कारण विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडेल, गाडी कोणतीही असो. पत्र्याला तेलाच्या बोल्टसमोर आणि साखळीच्या डब्यासमोर भोक पाडल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर जात नाही. त्या भोकाला रबरी बूच, ते हाताने निघते. नवा वॉशर नसेल तर गाडी थांबते. गिऱ्हाईक ओरडते, ओरडू द्यावे. बोल्ट मोजून आवळायचा, कारण तो ॲल्युमिनियमच्या अंगात जातो. ताकद दाखविली तर आटे जातात आणि मग गळती कायमची. गिऱ्हाईकाला मी एक जुना पुठ्ठाही देतो. रात्री गाडी शेडमध्ये घेतली की बूच काढायचे आणि पुठ्ठा खाली सरकवायचा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग आहे का ते बघायचे. पुठ्ठा फुकट मिळतो. अंगणात उभ्या असणाऱ्या रिक्षाला, मोटारसायकललासुद्धा हे करता येईल. आज रात्रीच करून पाहा.

तेल कोणते, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे मे महिन्यात जे तेल बरे, ते तेथे जानेवारीत मधासारखे घट्ट होते आणि सुरू करताना पंपाला ओढता येत नाही. डब्यावर शून्य-डब्ल्यू-चाळीस असे लिहिलेले तेल घालतात. त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. शून्य प्रतीचे तेल उणे चाळीसलाही पंपाने ओढले जावे, अशी कसोटी असते. तेलाची पातळी कधी बघायची हेही इंजिनागणिक निराळे. काहींची थंड असताना, काहींची गरम करून. गाडीबरोबर जे पुस्तक येते त्यात लिहिलेले असते. ते पुस्तक बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघत नाही. आणि फोर-स्ट्रोक गाडी खाली बघायची म्हणून कुशीवर आडवी पाडू नये, तेल हवेच्या वाटेने नको तेथे जाते. नाक उचलून, खाली मजबूत टेकू देऊन, बॅटरीच्या उजेडात बघावे.

रानात तेल गेलेच तर? इंजिन बंद. खाली बघायचे. तडा दिसला तर आपण काय करू? साबण चोळू आणि वर एमसील लावू. आपल्या हायवेवर कित्येक गाड्या अशा घरी पोहोचल्या आहेत. मीही पहिल्या वर्षी तेथे तसेच करायला गेलो. उणे पंचवीसमध्ये एमसीलच्या जातीचा मसाला घट्टच होत नाही. त्याला ऊब लागते. आधी बगलेत धरून गोळी मऊ करायची, तडा पेट्रोलने पुसून कोरडा करायचा, आणि इंजिनाची ऊब शिल्लक आहे तोवर लावायचे. थंड झाल्यावर काही उपयोग नाही. तेलाचा डबा जवळ हवा, तोही अंगाजवळ. गाडी दोरीने ओढायची असेल तर इंजिनाकडून पट्ट्याला ताकद देणारा रबरी बेल्ट आधी काढून घ्यावा. आणि ज्या तळ्यावर तेल सांडले ते एप्रिलमध्ये पाणी होणार आहे व तेच कोणीतरी पिणार आहे. काळे झालेले बर्फ फावड्याने भरून आणावे लागते. आम्ही आणतो.

काल रात्री जेवताना एका बाईंनी मला विचारले, "भाईजान, तुम्ही एवढी वर्षे परदेशात राहिलात, मग मेकॅनिकच कसे राहिलात?" त्यांनी वाईट हेतूने विचारले नाही. त्यांच्या मुलाला आय. टी. आय.ला जायचे आहे आणि त्यांना ते पसंत नाही. मी त्यांना म्हटले, बाजी, त्या पत्र्याचे प्लॅस्टिक थंडीत का तडकत नाही हे ज्याला सांगता येईल त्याला रसायनशास्त्र येते. तेलाचा थर क्रँकला कसा उचलतो हे ज्याला सांगता येईल त्याला भौतिकशास्त्र येते. मला ही दोन्ही उत्तरे चाळिशी उलटल्यावर, रात्रीच्या वर्गात बसून मिळाली. तुमच्या मुलाला ती अठराव्या वर्षी मिळतील. त्या हसल्या, पण पटले असे मला वाटले नाही. आज त्या येथे बसल्या आहेत, म्हणून पुन्हा सांगितले.

चाचा पुढे नऊ वर्षे जगला. शेवटपर्यंत तीच गाडी चालवीत होता आणि तेल बदलायला माझ्याकडेच येत असे. मी खाली गेलो की तोही लंगडत वाकून बघायला येई. काही बोलत नसे. नवा वॉशर मी त्याच्या हातात देई, तो तो उजेडात धरून बघे आणि परत देई.

मागच्या टेबलावर मी काही वस्तू ठेवल्या आहेत. त्या प्लॅस्टिकचा एक तुकडा आहे, हातोडीने मारून बघा. पोचा आलेला ॲल्युमिनियमचा तुकडा आहे. तेलाचा एक बोल्ट आहे आणि दोन तांब्याचे वॉशर, एक नवा आणि एक वापरलेला. कोणता कोणता हे न विचारता ओळखा. उद्या सकाळी दहा वाजता शाळेमागच्या शेडमध्ये मुख्याध्यापक साहेबांची जुनी जीप उभी असेल. तिचा चेंबर उतरवायचा आहे. मुलींनीही यावे. मात्र कपडे जुने घालून या, कारण साहेबांनी मला खासगीत सांगितले आहे की, ते तेल पाच वर्षांत बदललेले नाही.